मागच्या पाठात आपण पाहिलं

मामा खरं तर दोन भाच्यांचाच मामा. पण छापखान्यापासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत, आणि कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघत असे, की हा कुणाला बोलावतोय. धंद्याने तो पुस्तकं बांधणारा. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. त्यांना घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, फर्मे क्रमाने जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं. या तीस वर्षांत त्याच्या हातून एकही पुस्तक उलटसुलट पानांचं गेलं नाही, हे तो अभिमानाने सांगायचा, आणि कुणी विचारायच्या आधी सांगायचा.

वाचनाचीही त्याची एक तऱ्हा होती. शाळा सातवीत सुटली, पण हाती पडेल ते वाचायची खोड काही सुटली नाही. अडचण एवढीच की पुस्तक त्याच्या हाती कधी अखंड पडायचंच नाही. आज पाचवा फर्मा, उद्या दुसरा, परवा नववा. शिवता शिवता जो समोर येईल तो वाचायचा. त्यामुळे शेकडो कादंबऱ्यांतली भांडणं त्याला तोंडपाठ होती, पण ती कशावरून लागली आणि पुढे मिटली का, याचा त्याला पत्ता नसे. त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. “मधूनच वाचलं तरी कळतं की,” तो म्हणायचा. “माणसं काय, पहिल्या पानावर तीच आणि शेवटच्या पानावर तीच.”

लग्न त्याचं राहून गेलं. कुणी नकार दिला असं नाही, विचारायचंच राहिलं. जवळचं माणूस म्हणजे पाठची बहीण. ती इस्पितळात नर्स, नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. त्यांना जुळ्या मुली. अकरा मिनिटांच्या फरकाने एक थोरली ठरली आणि एक धाकटी, आणि थोरली ती अकरा मिनिटं धाकटीला कधी विसरू देत नसे. दोघी सात वर्षांच्या झाल्या आणि त्याच सुमाराला धाकटी लंगडायला लागली. खुब्याच्या हाडाचं दुखणं निघालं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, ते निघाल्यावरही पाय टेकायचा नाही, आणि वर्षभर शाळेचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. दिवसभर घरी कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. मामाने शिवणाची चौकट, खळीचा डबा आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा उचलला आणि बहिणीच्या बाहेरच्या खोलीत बस्तान मांडलं.

शाळेच्या मोठ्या बाईंना भेटायला भाऊ-बहीण दोघं गेले. बाई प्रेमळ होत्या, पण ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. “वर्षाच्या शेवटी मी स्वतः तिची परीक्षा घेईन,” त्या म्हणाल्या. “दुसरीचं सगळं येत असेल तर तिसरीत बसवू. नसेल तर पुन्हा दुसरी. दया येते म्हणून पुढे ढकलणार नाही. त्यात तिचंच नुकसान आहे.”

घरी हे कळलं. धाकटी म्हणाली, “म्हणजे ही तिसरीत आणि मी दुसरीत? मग सगळे मला हिची लहान बहीण समजतील.”

“आहेसच,” थोरली म्हणाली.

आईने थोरलीला दंडाला धरून आत नेलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडली, आणि प्लास्टरमुळे तिला नीट कूसही वळता येत नव्हती, त्यामुळे अर्धं रडणं छताकडे बघतच झालं. अकरा मिनिटांचं एक अख्खं वर्ष होणार होतं. मामाला ते बघवेना. “मी शिकवतो हिला,” तो म्हणाला. बहीण आतून म्हणाली, “तू?” त्या ‘तू’मध्ये बरंच काही होतं, पण मामाने ते मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं नाही तरी प्रश्न होताच. मामाला गणित येत होतं, शिकवता येत नव्हतं. दोन्हींत किती अंतर असतं ते त्याला पहिल्या तीन दिवसांत कळलं. तेव्हा छापखान्यातल्या संगणकावर पानं लावणाऱ्या वहिनी मदतीला आल्या. इंटरनेटवर एका संस्थेचे दुसरीच्या गणिताचे अठ्ठेचाळीस पाठ होते, सगळे फुकट. शिवाय वाचायला चित्रांच्या गोष्टी आणि सरावाचे कागद, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर मामाच्या कपाळाला आठी पडली. “फुकटच्या मालात खोट असते, वहिनी.”

“काही शिक्षकांनी सुट्टीत बसून केलंय हे, मामा. खोट काढायच्या आधी बघा तरी.”

मामाने पहिला पाठ छापखान्यात उभ्या उभ्या पाहिला. चष्मा लावलेल्या एक बाई आणि त्यांच्या हातावर कापडी पोपट. पोपट मोजताना चुकायचा, आणि बाई न रागावता त्याला पुन्हा मोजायला लावायच्या. मामा शेवटपर्यंत बघत राहिला, आणि दुसरीचं गणित आपल्यालाच नव्याने कळल्यासारखा खुशीत आला. घरी इंटरनेट गोगलगायीच्या पावलांनी चालायचं, म्हणून वहिनींनी सगळे पाठ एका पेनड्राइव्हवर भरून दिले. सरावाचे कागदही त्यांनीच वाया गेलेल्या छपाईच्या पाठकोऱ्या बाजूंवर छापून दिले. पेनड्राइव्ह जुन्या टीव्हीच्या मागे खोचला की पडद्यावर पाठांची यादी यायची. नावं अशी लांबलचक की टीव्हीला ती पुरी मावत नसत. ‘मोफत प्राथमिक शिक्षण इयत्ता दु’, एवढं लिहून पुढे तीन टिंबं. अठ्ठेचाळीस ओळी, अठ्ठेचाळीसही सारख्याच. पण एक पाठ संपला की टीव्ही आपणहून पुढच्या ओळीवर जायचा, तेव्हा नाव वाचायची गरजच पडत नसे.

रोज सकाळी थोरली शाळेत, आई कामावर. मग पाठ, नवा आठवड्याला एक, बाकीचे दिवस त्याचीच उजळणी. धाकटी पलंगावर उशांना टेकून, मांडीवर पाटी. मामा खिडकीशी, टीव्हीकडे पाठ करून, कारण शिवणाला उजेड लागतो. एक कान बाईंकडे, डोळे सुईवर. दुपारी सराव, संध्याकाळी गोष्टी. गोष्टींत धाकटी झपाट्याने पुढे गेली. दोन महिन्यांत ती मामाने शिवायला आणलेल्या फर्म्यांमधली भांडणंही वाचायला लागली, आणि ती कशावरून लागली हे विचारून मामाला भंडावायला लागली.

गणिताचं घोडं मात्र दुसऱ्याच आठवड्यात अडलं. आदल्या आठवड्यात शंभरपर्यंत मोजणी झाली होती. आज टीव्हीतल्या बाई हसून म्हणाल्या, “मागच्या पाठात आपण बिनहातच्याची बेरीज पाहिली. आज हातचा घेऊ या.”

“मामा, हे आपण नाही पाहिलं,” धाकटी म्हणाली.

“पाहिलं असणार. बाई खोटं कशाला बोलतील?”

“नाही पाहिलं.”

“मग मागचा पाठ परत लाव. आणि लक्ष दे जरा.”

तिने मागचा पाठ परत लावला. परत शंभरपर्यंत मोजणी. “यात नाहीये,” ती म्हणाली. मामाने मान वर करून एकदा पाहिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्याच्या सुईत दोरा होता आणि डोक्यात तीस वर्षांचा अनुभव होता. तो म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं. लक्ष कुठे असतं तुझं?”

अशी दोन-तीन वेळा खडाखडी झाल्यावर धाकटीने वाद घालणं सोडलं. बाई म्हणाल्या, “दशक आणि एकक तर तुम्हाला ठाऊकच आहेत,” की ती डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायची, आणि मग हळूच म्हणायची, “विसरले.” मामा सुस्कारा टाकायचा, सुई ठेवायचा आणि आपल्या परीने समजावून सांगायचा, कधी पुठ्ठ्याचे तुकडे मांडून, कधी दोऱ्याची रिळं मांडून. कधी तिला कळायचं, कधी नाही. पुढे पुढे ती बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आतच ‘विसरले’ म्हणायला लागली. मामा बहिणीजवळ म्हणाला, “पोरगी हुशार आहे गं, पण हिच्या डोक्यात राहत नाही. औषधांमुळे असेल का?” बहीण म्हणाली, “त्या औषधांनी असं काही होत नाही, दादा.” तेवढ्यावर ते राहिलं.

तरी पाठ पुढे सरकत होते. प्लास्टर निघालं, धाकटी आधी कुबड्यांवर आणि मग मामाच्या बोटाला धरून खोलीभर चालू लागली. अठ्ठेचाळीस संपत आले. शेवटी शेवटी तर पाठ फारच सोपे लागायला लागले. मामाला ते आवडलं. परीक्षा जवळ आली म्हणून बाईंनी मुद्दाम शेवटी सोपं ठेवलं असणार, केवढी ही समज, असं तो वहिनींनाही सांगून आला. मग एका सकाळी यादीतली शेवटची ओळ लागली. दोन अंकी बेरीज, बिनहातच्याची. धाकटीने ती हसत हसत केली. पाठ संपताना बाई पोपटाला म्हणाल्या, “हा झाला आपला नववा पाठ. पुढच्या पाठात हातचा घ्यायला शिकू.”

आणि पुढचा पाठ नव्हताच. मामाची सुई थांबली. नववा? त्याने वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण वळून टीव्हीकडे पाहिलं. मग शेजारच्या आजींना धाकटीजवळ बसवून, पेनड्राइव्ह खिशात टाकून तो तडक छापखान्यात गेला.

वहिनींच्या पडद्यावर नावं पुरी दिसत होती. एक, दोन, तीन, चार, अगदी ओळीने. “क्रम तर बरोबर आहे, मामा,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं. “टीव्ही जुना आहे का तुमचा?”

“आहे.”

“मग त्याला दोन आणि दहा कळत नाहीत. तो नुसता पहिला आकडा बघतो. आधी एक. मग एकाने सुरू होणारे सगळे, दहा, अकरा, थेट एकोणीसपर्यंत. मग दोन. मग वीस, एकवीस. पाच ते नऊ सगळ्यात शेवटी.” त्या कपाळाला हात लावून बसल्या. “मला आधीच सुचायला हवं होतं, एक ते नऊच्या आधी शून्य लावून द्यायचं.”

मामाच्या धंद्यात प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते. फर्मे क्रमाने लावले की पुस्तकाच्या पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो, आणि एक जरी फर्मा चुकला तरी जिना तुटतो. तीस वर्षं तो प्रत्येक पुस्तकाचा जिना बोटाने तपासत आला होता. आणि घरच्या पोरीच्या बाबतीत त्याने पाठ फिरवून वर्ष काढलं होतं. फुकटच्या मालात खोट नव्हती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मामानेच सारवलं होतं.

परीक्षेला चौदा दिवस उरले होते. संध्याकाळी त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्यानेच त्याला जास्त लागलं. “तिला सांग,” ती म्हणाली.

“परीक्षा झाल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल. मग ती ऐकेल का माझं?”

“बघ बाबा,” बहीण म्हणाली. कारण दिसायला चांगलं होतं, पण खरं कारण वेगळं होतं. एका आठ वर्षांच्या मुलीसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायची त्याची तयारी नव्हती. सांगताना सोपं वाटतं, पण ज्याने तीस वर्षं आपलं चुकत नाही असं सांगितलंय त्याने म्हणून बघावं.

वहिनींनी एक ते नऊच्या आधी शून्य लावून पेनड्राइव्ह दिला. मामाने उजळणी म्हणून पाठ पहिल्यापासून लावले, रोज चार, आणि या वेळी काम बाजूला ठेवून तो पलंगावर धाकटीच्या शेजारी बसला. दुसऱ्या पाठात दशक-एकक आले. तिसऱ्यात बाई म्हणाल्या, “मागच्या पाठात आपण दशक पाहिले,” आणि धाकटी एकदम ताठ बसली. “हो, पाहिले!” दहाव्याला हातचा आला. तिने पाटीवर बेरीज केली, ती बरोबर आली, तिने आणखी दोन केल्या. विसाव्याला हातच्याची वजाबाकी तिने बाईंच्या आधी सोडवली. पाठ संपला तरी ती पाटीकडे बघत बसली. मग मामाच्या कानाशी आली.

“मामा, एक सांगू? आईला नाही सांगायचं.”

“नाही सांगत.”

“माझ्या पायाला झालं होतं ना, तेव्हा माझ्या डोक्यालापण काहीतरी झालं होतं. सगळं सांडून जायचं. मी कुणाला बोलले नाही, नाहीतर डोक्यालापण प्लास्टर घातलं असतं.” ती हसली. “पण आता बरं झालं.”

वर्षभर ही पोर रोज सकाळी आपलं डोकं बिघडलंय असं समजून पाटी घेऊन बसत होती, आणि आपण तिला लक्ष दे म्हणत होतो. मामा उठला. कामाच्या ढिगातून मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकाचे चार फर्मे काढले, पहिला, चौथा, दुसरा, तिसरा असे लावले आणि तिच्या हातात दिले. “वाच.”

ती वाचायला लागली. पहिला फर्मा संपून चौथा लागला तशी थांबली. “हा राजा मेला कधी? मधलं नाहीये.”

“तू विसरली असशील.”

“नाही विसरले, मामा. पानंच चुकलीत.”

“मग चूक कुणाची? वाचणाऱ्याची?”

“नाही. बांधणाऱ्याची.”

“तुझे गणिताचे पाठ मी असेच बांधले होते,” मामा म्हणाला. “पहिल्यानंतर दहावा, एकोणिसाव्यानंतर दुसरा. वर्षभर. तुझ्या डोक्याला काही झालं नव्हतं. कधीच झालं नव्हतं. तू नाही पाहिलं म्हणायचीस ते खरं होतं. माझं चुकलं.”

धाकटीचं नाक लाल झालं. “तू मला ‘लक्ष कुठे असतं’ म्हणालास.”

“म्हणालो.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही गं.”

“मी मोजलंय. बावीस वेळा. शंभरपर्यंत येतं मला मोजता, ते पहिल्याच पाठात होतं.” मग तिने ओठ घट्ट केले. “आता तू ‘माझं चुकलं’ म्हण. बावीस वेळा.”

मामाने म्हटलं. ती बोटांवर मोजत होती. अकराव्याला तो थांबला, तर ती म्हणाली, “अजून अकरा,” आणि थांबायला तयार झाली नाही. बावीस झाल्यावर तिने पाटी पुसली आणि एकविसावा पाठ लावायला सांगितला. मात्र त्या दिवशी जेवताना ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना दुसरीच्या रिकाम्या वर्गात बसवलं. धाकटी पुढच्या बाकावर. मामाला मागच्या बाकावर बसायला सांगितलं, आणि बोलायचं नाही असं बजावलं. बाक सात वर्षांच्या मुलांचा, त्यामुळे मामाचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. बाईंनी आधी वाचायला दिलं. ते तिने घडघड वाचलं. मग बेरजा, मग वजाबाक्या, मग पाढे, मग घड्याळ. एक वजाबाकी चुकली, ती तिने स्वतःच खोडून नीट केली. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, तेवीस गुणिले चौदा.

धाकटी फळ्याकडे बघत राहिली. खडू तिच्या हातात होता, पण हात हलेना. तिने मागे वळून मामाकडे पाहिलं. हे अठ्ठेचाळीसांत होतं का? मामाला आठवेना. चौदा दिवस शेजारी बसून सगळे पाठ पाहिले, त्यात हे नव्हतंच, की नेमकं तेव्हाच आपलं लक्ष दुसरीकडे होतं? आता ती म्हणणार, विसरले. वर्षभर तिने तेच म्हटलं होतं, आणि ते म्हणायला त्यानेच शिकवलं होतं.

धाकटी पुढे वळली. “बाई, हे मला शिकवलेलं नाही.”

“शिकवलं नाही,” बाईंनी विचारलं, “की शिकवलेलं विसरलीस?”

“शिकवलेलं मी विसरत नाही.”

बाईंनी फळा पुसला. “बरोबर आहे. हे तिसरीतलं आहे. मी मुद्दाम विचारते सगळ्यांना.” मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, “शाळा उघडली की शिकवू. बहिणीच्याच वर्गात बस.”

धाकटी बाकाला धरून उठली आणि एकटी, कुणाचं बोट न धरता, दारापर्यंत चालत गेली. तिथून तिने मामाला हाक मारली. मामाला मात्र बराच वेळ बाकातून उठताच आलं नाही. गुडघे अडकले होते, असं तो पुढे सगळ्यांना सांगत असे.